ट्रेमधले तीन काळे दगड: धातुखनिजांच्या प्रॅक्टिकलचा माझा अनुभव

एमएस्सीला, पुण्यात, इकॉनॉमिक जिऑलॉजीच्या (उपयोगी खनिजसाठ्यांच्या अभ्यासाच्या) प्रॅक्टिकलमध्ये पहिला ट्रे समोर आला तो तीन काळ्या, जड दगडांचा. लेबलं काढलेली. सर म्हणाले, "रंग विसर. आधी कस बघ."

कस म्हणजे खनिज पोर्सिलेनच्या खरबरीत पाटीवर घासून उमटलेल्या रेघेचा रंग. एकाची रेघ लालभडक आली, ते हेमॅटाइट. दुसऱ्याची काळी, शिवाय लोहचुंबक चिकटलं, म्हणजे मॅग्नेटाइट. तिसऱ्याची तपकिरी, ते क्रोमाइट, क्रोमियमचं खनिज. गॅलेनाला, म्हणजे शिशाच्या खनिजाला, तर पाटीही लागत नाही. हातात घेताच वजन जाणवतं (विशिष्ट गुरुत्व साडेसातच्या आसपास) आणि फुटतं तेही चौकोनी ठोकळ्यांत. पायराइट (लोखंड आणि गंधकाचं) आणि चॅल्कोपायराइट (तांब्याचं खनिज) दोन्ही पिवळी, दोघांची रेघही काळपट, पण चाकूचा ओरखडा चॅल्कोपायराइटवरच उठतो.

छळलं ते स्फॅलेराइटनं. मधाळ पिवळ्यापासून काळ्यापर्यंत कुठलाही रंग! शेवटी त्याच्या फिकट भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा आणि नाक जवळ न्यायचं. सडक्या अंड्यांचा वास आला की जस्ताचं खनिज सापडलं.

तरी खरी पकड आली ती खनिज कुठल्या खडकात, कोणाच्या सोबतीनं बसलंय हे बघायला लागल्यावर. क्रोमाइट तापलेल्या शिलारसातून लवकर स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि जड असल्यानं तळाशी थर करून बसतं. म्हणून सिंधुदुर्गात कणकवलीकडे ते ऑलिव्हीन या हिरव्या खनिजाच्या खडकांत, हिरवट सर्पेंटाइनच्या संगतीत मिळतं. राजस्थानातल्या जावरला गॅलेना आणि स्फॅलेराइट एकत्र, डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकात. मध्य प्रदेशातल्या मलांजखंडला चॅल्कोपायराइट क्वार्ट्झमध्ये, कारण भेगांमधून गरम, खारट पाणी खेळलं आणि निवताना विरघळलेला माल तिथेच सोडून गेलं. त्यामुळे गॅलेना दिसलं की मी त्याच दगडात स्फॅलेराइट शोधू लागले.

मँगनीजला मात्र माझी तुमसरची मैत्रीण तर्क वगैरे करतच नसे. "अगं, बोटं काळी झाली की पायरोल्यूसाइट. कडक आणि द्राक्षाच्या घडासारखं असलं की सायलोमेलेन. आमच्याकडे डोंगरी बुजुर्गला ढीग पडलेत." हेवा वाटायचा.

पॉलिश्ड सेक्शनला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला खनिजाचा तुकडा घासून चकचकीत करायला, वेळ फार लागतो. रेझिनमध्ये बसवलेला तुकडा काचेवर कार्बोरंडमच्या भुकटीनं घासायचा, जाडपासून बारीककडे, आणि प्रत्येक टप्प्याआधी हात न् तुकडा स्वच्छ धुवायचा. जाड भुकटीचा एक कण मागे राहिला तरी आरशासारख्या पृष्ठभागावर चरा पडतो. खालून प्रकाश टाकणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकात ही बहुतेक खनिजं नुसती काळी दिसतात, वरून टाकून परावर्तित झालेल्या प्रकाशात मात्र उघडतात. गॅलेनावर त्रिकोणी खळगे, करड्या स्फॅलेराइटमध्ये चॅल्कोपायराइटचे पिवळे ठिपके, आणि कोव्हेलाइट हे तांब्याचं खनिज तर असं निळं की बघतच राहावं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं, "आपल्या बेसॉल्टमध्ये धातुखनिज असतं का?"

"असतं सर, टायटॅनोमॅग्नेटाइट, म्हणजे टायटॅनियम असलेलं मॅग्नेटाइट. ओढ्यातल्या काळ्या रेतीत चुंबक फिरवलं की चिकटतं."

"मग पुण्यात लोखंडाची खाण का नाही?"

"दाणे सगळ्या खडकभर विखुरलेत, सर. कुठे एका जागी साचलेच नाहीत, त्यामुळे काढणं परवडत नाही."


त्यांनी मान हलवली आणि पुढचा ट्रे सरकवला. त्यात स्फॅलेराइट होतं.