पडद्याकडे न बघणारे काका

इंदूरच्या राजेंद्र नगरात मी टायपिंगचा क्लास चालवते. येणारी बहुतेक मुलं सीपीसीटीची. मध्य प्रदेशात बाबूगिरीची सरकारी नोकरी हवी असेल तर ही परीक्षा लागते. मिनिटाला इंग्रजीचे ३० आणि हिंदीचे २० शब्द, तेही चुका वजा जाता. मोबाइलवर या मुलांचे अंगठे नुसते पळतात, पण कीबोर्डसमोर बसली की मान खाली. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा का असतो, हे मी सांगेपर्यंत बहुतेकांना माहीत नसतं. तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या जागी बसतात, एवढंच त्याचं काम.

या बॅचमध्ये एक काका आले. कोर्टाबाहेर टेबल मांडून हिंदी टाइपरायटरवर अर्ज, शपथपत्रं टाइप करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. आता रिबन मिळेना, शिवाय वकील विचारायला लागले, "फाइल मेल कराल का?"

"ताई, टायपिंग येतंय मला," ते म्हणाले, "हा उंदीर तेवढा शिकवा."

उंदराने खरंच दमवलं. डबल क्लिक करताना पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मध्ये त्यांचा हात सरकायचा, आणि फाइल उघडायच्या ऐवजी आयकॉन भलतीकडे जाऊन बसायचा. माउस टेबलाच्या कडेला पोचला की पुढे जागा नाही म्हणून थांबायचे. तो उचलून मागे ठेवता येतो, हे त्यांना पटेचना. शेवटी म्हटलं, काका, एकदाच क्लिक करा आणि एंटर दाबा. हे लगेच जमलं. डबल क्लिकचा हट्ट शिकवणाऱ्यांनीच सोडावा, असं माझं मत.

मग मी त्यांना एका जुन्या शपथपत्राचा कागद दिला आणि वर्ड उघडून बसवलं. दुसऱ्या टेबलावर कोणाला तरी काही अडलं म्हणून तिकडे गेले. मागून खाडखाड आवाज येत होता. टाइपरायटरवरचा माणूस, बटण दाबत नाही, ठोकतो. नजर कागदावर, पाठ ताठ. ओळ संपत आली की डावा हात सवयीने वर जायचा, कॅरेजचा दांडा ढकलायला, तिथे हवाच. मग उजव्या करंगळीने एंटर.

तेवढ्यात शेजारचा मुलगा खिदळला. "भिया, ये तो गणित चल रहा है!"

जाऊन पाहिलं तर पडदाभर इंग्रजी अक्षरांचा काला. 'पत्र'च्या जागी आय आणि पुढे बरोबरचं चिन्ह. आधी त्या मशीनवर इंग्रजीची बॅच बसली होती, फॉन्ट कॅलिब्रीच राहिलेला. काकांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि चेहरा पडला. "सगळं गेलं का हो?"

काही गेलं नव्हतं. कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट. आत इंग्रजीचीच अक्षरं असतात, वर फक्त देवनागरीचे आकार चढवलेले, आणि बटणांची मांडणी बरीचशी जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरची. कंट्रोल ए दाबून सगळं निवडलं, फॉन्टच्या यादीतून कृतिदेव ०१० लावला. शपथपत्र समोर उभं. मुलगा गप्प. पडद्याकडे एकदाही न बघता पानभर मजकूर, आणि चुका बोटांवर मोजण्याइतक्या.

एक गंमत मात्र होती. बऱ्याच ओळींचं पहिलं अक्षर अर्धं झालेलं: प चा प्, म चा म्. काकांना वाटलं बोट चुकलं. बोट बरोबर होतं. ते प्रत्येक ओळीला एंटर मारत होते, त्यामुळे वर्डला दर ओळ नवा परिच्छेद वाटत होती, आणि वर्ड आपल्या अकलेने पहिलं अक्षर कॅपिटल करत होता. कृतिदेवमध्ये साध्या अक्षराचं कॅपिटल म्हणजे बहुतेक वेळा अर्धं अक्षर. ऑटोकरेक्ट बंद केल्यावर तो प्रश्न मिटला. एंटरचा नाही मिटला. वकिलाने मधे एक शब्द घातला की ओळी तुटून सगळा मजकूर विस्कटतो, हे मी त्यांना स्वतः शब्द घालून दाखवलं. "म्हणजे घंटी वाजायची वाट बघायची नाही?" त्यांनी विचारलं. नाही काका, ओळ आपली आपण खाली येते.

त्या दिवसापासून मुलांच्या हातांवर मी रुमाल टाकते. कुरकुर करतात, पण तो मुलगा करत नाही.

काकांची फाइल वकिलाकडे गेली आणि मोबाइलवर पुन्हा तेच गणित उघडलं, कारण त्या फोनमध्ये कृतिदेव नव्हता. त्यामुळे आता त्यांना युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही फोनवर देवनागरीच दिसेल असा, रेमिंग्टन गेल कीबोर्ड लावून दिलाय. ऱ्हस्व वेलांटी तिथेही अक्षराच्या आधीच दाबायची, म्हणून त्यांची बोटं फारशी अडत नाहीत. काही जोडाक्षरांची बटणं तेवढी हलली आहेत. त्यांची चिठ्ठी करून काकांनी मॉनिटरला चिकटवली आहे. एंटर अजून अधूनमधून पडतोच.