उंबरठ्यावरच्या पट्ट्या

आमच्या दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना जे दार लागते, त्याच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या पाच आडव्या पट्ट्या लावलेल्या आहेत. नवा पाहुणा हमखास त्यांविषयी विचारतो आणि मी तोंड उघडण्याआधीच "हे आमचे झेब्रा क्रॉसिंग" असे सांगून हे मोकळे होतात. यांना पार्किन्सन्स असल्याचे निदान २०१७ साली झाले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांचा या आजारावरचा निबंध १८१७ सालचा, म्हणजे आपण बरोबर दोनशे वर्षांनी रांगेत लागलो, हा हिशेबही यांचाच. उभे आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला तो सुचणारच.

निदानाच्या वेळी औषधाच्या चिठ्ठीसोबत "रोज फिरायला जात जा" एवढाच सल्ला मिळाला होता. तो आम्ही इमानाने पाळला. दोन वर्षे रोज सकाळी सारसबागेत फेऱ्या घातल्या. हे खाली मान घालून, उजवा हात अंगाशी धरून, पाय घासत चालायचे आणि मी शेजारून चालताना फेऱ्या मोजत समाधान मानायचे. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी यांचे चालणे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन वर्षे लहान पावलांचाच सराव केला आहे." ते वाक्य मला तेव्हा झोंबले होते, आज वाटते की ते दोन वर्षे आधी ऐकायला मिळायला हवे होते.

मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की हालचाल मंदावते, स्नायू ताठरतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते ते असे की हालचालीचे मोजमापच आतून बिघडते. आपण पूर्ण पाऊल टाकले असे यांना मनापासून वाटते, पण प्रत्यक्षात पाऊल अर्धेच पडलेले असते. आवाजाचे आणि अक्षराचेही तसेच. चेकवरची सही आकसत गेल्यामुळे चेक परत आला, तेव्हाही यांना ती नेहमीसारखीच वाटत होती. त्यामुळे पार्किन्सन्ससाठी खास आखलेल्या व्यायामांचा पाया अगदी साधा असतो: जे कराल ते मुद्दाम मोठे करा, इतके मोठे की स्वतःला अतिरेक वाटावा. हात छातीपासून दोन्ही बाजूंना पूर्ण फाकवायचे, बोटे ताणायची, खुर्चीवरून उठताना आधी पुढे झुकून मग झटक्यात उभे राहायचे, आणि वळताना जागच्या जागी गिरकी न घेता मोठा वळसा घ्यायचा.

यांना हे पटले, पण अंगवळणी पडले ते लेझीममुळे. शाळेत असताना हे लेझीम पथकात होते. बाईंनी एकदा सहज विचारले, कोणता ताल आवडतो, तेव्हा यांनी उभ्या उभ्या दोन हात दाखवले आणि त्या वेळी पाऊल जे पडले, ते मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. तालाचा ठोका बाहेरून मिळाला की मेंदूला आतून तो तयार करावा लागत नाही, असे त्याचे कारण बाईंनी सांगितले. आता रोज संध्याकाळी फोनवर हलगी लावून वीस मिनिटे लेझीम चालते. खालच्या मजल्यावरच्यांची मी आधीच क्षमा मागून ठेवली आहे.

पट्ट्यांमागेही हेच तत्त्व आहे. सपाट फरशीवर, विशेषतः दारात, यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मात्र पुढे ओलांडायला एखादी रेघ दिसली की पाऊल उचलले जाते. यामुळेच एक विचित्र गोष्ट घडते, जी नातेवाइकांना सांगूनही खरी वाटत नाही. घरातल्या घरात अडखळणारा हा माणूस पर्वतीच्या पायऱ्या, एक हात कठड्यावर ठेवून का होईना, चढून जातो. प्रत्येक पायरी म्हणजे डोळ्यांपुढची एक रेघच असते. उतरताना मात्र मी एक पायरी पुढे असते, आणि हे धाडस कोणी स्वतःच्या भरवशावर करू नये, हे सांगितलेच पाहिजे. रस्त्यावर चालण्याविषयी मी काही सांगत नाही. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर धडधाकट माणसाचाही तोल जातो.

व्यायाम किती जोराने करावा, याबाबत आमच्या घरात वाद होता, कारण माझ्या मते आजारी माणसाने दमू नये. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२८ जणांना सहा महिन्यांसाठी तीन गटांत विभागले होते. ट्रेडमिलवर आठवड्यातून चार दिवस, हृदयाचे ठोके कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेण्याचे लक्ष्य ज्या गटाला दिले होते, त्यांची लक्षणे जवळजवळ होती तिथेच राहिली. काहीच वेगळे न करणाऱ्यांची वाढली. ती माणसे आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावर होती आणि पार्किन्सन्सचे औषध घेत नव्हती, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा यांना लागू होत नाही. तरीही दम लागणे म्हणजे अपाय नव्हे, इतके मला पटले. हृदयतपासणी करून घेऊन यांनी घरी स्थिर सायकल सुरू केली आहे.

वेळ पाळणे हा या सगळ्याचा कणा आहे. लेव्होडोपाची, म्हणजे मेंदूत गेल्यावर डोपामिन बनणाऱ्या औषधाची, गोळी घेतल्यानंतर साधारण तासाभराने यांचे अंग मोकळे होते आणि तेव्हाच व्यायाम साधतो. गोळीचा असर उतरत असताना केलेला व्यायाम म्हणजे पडण्याला आमंत्रण. पनीर, अंडी, घट्ट वरण यांतली प्रथिने गोळीच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून आमच्याकडे गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली जाते आणि त्यावरून माझ्या स्वयंपाकाचे घड्याळ बदलले आहे. आडवे पडून केलेल्या व्यायामानंतर एकदम उठल्यास रक्तदाब घसरून चक्कर येते, म्हणून मिनिटभर बसायचे, हाही नियम आहे.

एका व्यायामशाळेत आम्हाला प्रवेश मिळाला, पण तिथे यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून अर्ध्या किलोची डंबेल्स हातात दिली आणि तरुण प्रशिक्षक "आजोबा, आराम से" म्हणत राहिला. यांनी आठवड्यात ते सोडले. ज्यांच्यात एकही माणूस आपल्यासारखा नाही, त्यांच्यात व्यायाम फार टिकत नाही, असे माझे मत झाले आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला पहिल्यांदा गेलो, तेव्हा शेजारच्या गृहस्थांचा चहाचा कप थरथरला आणि कोणीही वळून पाहिले नाही. त्या दिवशी हे परतीच्या वाटेवर बरेच बोलले. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन येथे २००१ सालापासून पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्यवर्ग चालतात आणि पुण्यातही हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले आहेत, हे कळल्यावर यांनी "नाच आणि मी?" म्हणून हात झटकले होते. लेझीम हा नाच नाही, असे ते अजूनही ठामपणे सांगतात.

आवाजासाठी पाढे आहेत. पावकी, निमकी आणि पाऊणकी हे गॅलरीत उभे राहून, समोरच्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात. चालता चालता पाढे म्हणायला मात्र बाईंनी तूर्त मनाई केली आहे, कारण लक्ष आकड्यांकडे गेले की पाऊल लगेच लहान होते.

गेल्या आठवड्यात पाच पट्ट्यांपैकी मधली घासून निघाली. "राहू दे, चारांवर निभावतो का पाहू," असे हे म्हणाले. तीन दिवस पाहिले. मधल्या जागी पाय अडतोच, तेव्हा काल तुळशीबागेतून येताना मी नवी पट्टी घेऊन आले.