टमाटरच्या सहा जातींची चव एका ताटात: माझा अनुभव

घरचं टमाटर बाजारच्यापेक्षा चवदार, यावर कुणाचंच दुमत नाही. पण घरच्याच पाच-सहा जातींत सरस कोणती, असं विचारलं की उत्तरं डळमळतात. जानेवारीत खाल्लेल्या एका जातीची आठवण मार्चअखेरच्या दुसऱ्या जातीशी जुळवली जाते, आणि नागपुरात तर हे मुळीच चालत नाही. थंडीत पिकलेलं आणि ऊन तापल्यावर पिकलेलं फळ एकाच झाडाचं असलं तरी चवीला दोन वेगळी फळं असतात. तापमान तिशीच्या वर गेलं की लाल रंगद्रव्य, म्हणजे लायकोपीन, नीट बनत नाही. फळ पिवळट-नारिंगी राहतं. रात्री गरम असल्या की दिवसा साठलेली साखर झाड स्वतःच खर्ची घालतं. म्हणून मी तुलना फक्त जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच करतो.

जाती निवडताना एकसारख्या घेऊन उपयोग नाही. माझ्याकडे पुसा रुबी, अर्का विकास, अर्का रक्षक, रोमा, ब्लॅक क्रिम आणि साधा लाल चेरी होता. रुबी दिल्लीच्या पुसा संस्थेची जुनी जात, दोन्ही अर्का बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेच्या. यातला रक्षक संकरित आहे. सहाच्या वर जाती घेऊ नयेत, नमुने फार झाले की जीभ बधिर होते.

खरी कसरत सगळी फळं एकाच वेळी पिकवण्याची. चेरी सगळ्यांच्या आधी येतो, ब्लॅक क्रिम शेवटी. म्हणून ब्लॅक क्रिमचं बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या चार जाती दुसऱ्या पंधरवड्याच्या सुरुवातीला आणि चेरी महिनाअखेरीस टाकायचा. तेव्हा पाऊस पुरता गेलेला नसतो, त्यामुळे ट्रे छपराखाली आणि बारीक जाळीच्या आत हवेत. जाळी पावसासाठी नाही, पांढऱ्या माशीसाठी. रोप लहान असतानाच तिनं विषाणू दिला की पानं चुरडतात, झाड खुजं राहतं आणि फळं बेचव येतात. असं झाड उपटून टाकायचं, त्याच्या फळाची चव जातीच्या नावावर मांडायची नाही.

पंचवीस-तीस दिवसांची रोपं १५ × १५ इंचांच्या ग्रो बॅगेत लावतो. काळी माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या मापानं, वर बॅगेमागे २०० ग्रॅम निंबोळी पेंड. नुसती काळी माती भरली तर ओली असताना मुळं गुदमरतात आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. प्रत्येक जातीची निदान दोन झाडं, सगळ्यांना सारखं ऊन (किमान सहा तास), सारखं खत. फुलं लागल्यावर नत्र आवरतं घ्यायचं. युरियाची चिमूटही जास्त झाली तर पानोरा माजतो आणि फळ पाणचट होतं. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतले फुटवे, आठवड्याला खुडायच्या, पण रोमाच्या नाही. ते झुडूप बेताचंच वाढतं, खुडलं तर फळंच कमी येतात.

चवीवर सगळ्यात जास्त हुकूम चालतो पाण्याचा. जानेवारीत फळं लागलेल्या झाडाला रोज दोन ते तीन लिटर पुरतं. तोडणीच्या आठवडाभर आधी हे हळूहळू एक तृतीयांशानं कमी करायचं, म्हणजे गोडी आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. एकदम तोडून मग भडाभडा पाणी दिलं की साल तडकते. फळाचं बूड काळं पडलं तर लोक अंड्याची टरफलं घालत बसतात. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, सहसा कमी नसतो, कमी असतो पाण्याचा नेम. कोरडं-ओलं, कोरडं-ओलं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही.

तोडणी सकाळी. पूर्ण रंग आलेलं, अंगठ्यानं हलकेच दाबल्यावर किंचित दबणारं फळ घ्यायचं. ब्लॅक क्रिममध्ये हमखास फसगत होते: देठाजवळचे खांदे पिकल्यावरही हिरवे राहतात, म्हणून पक्वता बुडाशी पाहायची. हे हिरवे खांदे दोष नाहीत. सबंध फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून अनेक जातींतून ते काढले गेले आणि ज्या जनुकामुळे ते गेले, त्यानंच फळातली साखरही थोडी घटवली, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. तोडलेली फळं फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, १२ अंशांखाली वास मरतो. रात्रभर घरातच, देठाची बाजू खाली करून.

चाखताना प्रत्येक जातीची तीन फळं, देठापासून बुडापर्यंत उभी कापलेली. आडवी चकती कुणाला नुसता गर देते, कुणाला नुसता बियांचा रस, आणि आंबटपणा त्या रसातच जास्त असतो. ताटल्यांवर नावं नाहीत, अ, ब, क अशी अक्षरं. एक जात मुद्दाम दोन अक्षरांखाली ठेवायची. ज्यानं त्या दोन्हींना अगदी वेगळे गुण दिले, त्याचा कागद बाजूला. चेरी शेवटी, नाहीतर त्याच्या गोडीपुढे बाकी सगळं फिकं लागतं. मध्ये पाणी आणि साधे मुरमुरे. आदल्या रात्री झणझणीत सावजी रस्सा हाणलेला माणूस चालेल, पण तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी) असलेल्याला बोलवू नये. पहिली फेरी बिनमिठाची, दुसरी मिठाची. गोडी, आंबटपणा, वास, साल आणि गर यांचे गुण वेगवेगळे लिहून घ्यायचे. 'आवडलं' एवढ्यावरून काही कळत नाही.

साखर मोजायला हातातलं रिफ्रॅक्टोमीटर पुरतं. डिस्टिल्ड पाण्यावर शून्य करायचं, फडक्यातून गाळलेल्या रसाचा थेंब टाकायचा. साधं टमाटर ४ ते ५ ब्रिक्स (रसातल्या साखरेची ढोबळ टक्केवारी) दाखवतं, चांगला चेरी ७ ते ९. पण हा आकडा एकटा फसवा आहे. आम्लता मोजायची तर १० मिली रसात ५० मिली डिस्टिल्ड पाणी घालायचं (नाहीतर रसाच्या लालीत रंग ओळखू येत नाही), फिनॉलफ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या सूचकाचे दोन थेंब टाकायचे आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं सोडायचं. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. लागलेल्या मिलीला ०.०६४ नं गुणलं की सायट्रिक आम्लाची टक्केवारी मिळते. ६.५ मिली लागले तर ०.४२ टक्के. हातमोजे घाला, द्रावण कातडी खातं.

आता निकाल. कच्चं खायला चेरी पहिला, वाद नाही. ब्लॅक क्रिमला वास आणि खारट-मांसल खोली सगळ्यात जास्त, पण फळं मोजकी. फेब्रुवारीअखेर फुलगळ सुरू झाली की झाड नुसतं उभं असतं. अर्का विकास गोड-आंबटाचा तोल उत्तम राखतं, कोशिंबिरीला हेच. अर्का रक्षक रोगाला दाद देत नाही, टिकतं, दिसतं सुरेख, चव मात्र सपाट. रोमा कच्चं तर पिठूळच लागतं. पुसा रुबी कच्चं आंबटढाण आणि पातळ सालीचं, म्हणून पहिल्या फेरीत मागे पडलं.

त्याच फळांची चटणी केल्यावर क्रम उलटला. प्रत्येकी २५० ग्रॅम टमाटर, एक चमचा तेल, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मीठ, एवढंच. सांबार, म्हणजे कोथिंबीर, शेवटी, तोही सगळ्यांत सारखा. पुसा रुबी सात-आठ मिनिटांत गळलं आणि भेदऱ्याच्या (म्हणजे टमाटरच्याच) चटणीला हवा तो आंबट झणका त्यानंच दिला. रोमाला वेळ लागला, पण रस्सा दाट त्याचाच. ब्लॅक क्रिमचा वास कढईत उडून गेला, ते शिजवणं म्हणजे नुकसान. चेरीची चटणी जॅमकडे झुकली.

बी धरायचं तर फक्त सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांचं, रक्षकचं नाही. बियांचा रस दोन-तीन दिवस पेल्यात आंबू द्यायचा, वर बुरशीची साय आली की धुऊन सावलीत ताटलीवर वाळवायचं. कागदावर वाळवलं तर चिकटतं.