104 किलोसाठी पहिला सर्फबोर्ड : नोंद 3

आजची स्थिती: माप ठरलं. 9 फूट लांब, 24 इंच रुंद, साडेतीन इंच जाड, फोमचा, आत लाकडाच्या तीन उभ्या पट्ट्या. चालवणाऱ्याचं वजन 104 किलो, उंची 5 फूट 11 इंच, पोहणं पक्कं, सर्फिंग शून्य.

8 फुटी बोर्ड यादीतून गेला. नवशिक्या म्हटलं की विकणारे डोळे झाकून तोच पुढे करतात आणि 70 किलोच्या माणसाला तो उत्तम चालतोही. इथे हिशोब बसत नाही. 8 फुटी फोमबोर्ड साधारण 86 लिटरचा असतो. समुद्राचं पाणी लिटरला 1.025 किलो भरतं, म्हणजे बोर्ड पूर्ण बुडाला तर 88 किलो उचलणार. त्यातले 7 किलो त्याच्या स्वतःच्या वजनात जातात, उरले 81. वर 104 किलो. हातपाय पाण्यात असल्याने काही भार कमी होतो, पण डेक (बोर्डाची वरची बाजू) पाण्याखालीच राहतं आणि हात मारणं म्हणजे चिखलातून गाडी ओढणं. बोर्डाला वेग येत नाही, लाट खालून निघून जाते, आणि माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही.

ठरलेल्या मापाचे लिटर असे काढले: 108 × 24 × 3.5 = 9,072 घन इंच, म्हणजे जवळपास 149 लिटरचा चौकोनी ठोकळा. बोर्डाची टोकं निमुळती आणि कडा गोल असल्याने फोमबोर्डाला ढोबळ 0.7 ने गुणायचं. आले 104. (फायबरच्या बोर्डाला हाच आकडा बराच खाली येतो, तिथे 0.7 वापरू नका.) विकणारा याच मापाला 130 लिटर सांगत असेल तर टेप काढून त्याच्यासमोर मोजा.

पण नुसत्या लिटरवर जाऊ नये. तेवढेच लिटर जाडी वाढवूनही मिळतात, आणि मग बोर्ड ओंडक्यासारखा गडगडतो. रुंदीतून मिळाले तर तराफा होतो. जड माणसाला तराफा हवा. उभं राहिल्यावर सगळं वजन बोर्डाच्या वर येतं, तेव्हा त्याला नुसती तरंगण्याची ताकद पुरत नाही, रुंद सपाट तळ आणि वेग लागतो.

लाकडी पट्ट्यांवर तडजोड नाही. पट्टी नसलेला फोमबोर्ड जड माणसाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाखाली दुमडतो, डेकवर आडवी सुरकुती पडते. जुना बोर्ड बघताना ती सुरकुती आधी शोधा. मग दोन विटांवर आडवा ठेवून मध्ये तळहाताने हळू दाबा. आतून कडक भाकरी मोडल्यासारखा आवाज आला की पट्टी गेलेली आहे, सौदा सोडा. लीशची (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीची) खुंटी नुसती चिकटवलेली नको, तळापर्यंत आरपार बोल्ट असलेली हवी. लीश 9 फुटी, 8 मिमी जाड. फिन (तळाला मागे असलेले कल्ले) मऊ रबरी. त्यांचे स्क्रू प्रत्येक वेळी पाण्यात जाण्याआधी तपासायचे, ते सैल होतातच.

आता सोलापूरचा प्रश्न. हा बोर्ड वर्षातले दहा-पंधरा दिवस समुद्रात आणि बाकी सगळे इथे काढणार. मे महिन्यात पारा 42-43 वर असतो, तेव्हा बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. फोममधली हवा फुगते, वरची कातडी सुटते, डेकवर पुरीसारखे फुगे येतात. तो फुगा परत बसत नाही. म्हणून तळमजला, पलंगाखाली, आडवा, तळ वर. गच्चीवरची खोली नको. गाळ्यात भिंतीला नोजवर (पुढच्या टोकावर) टेकवून तर मुळीच नको.

गुंडाळायला सोलापुरी चादर उत्तम, फक्त एक पुरत नाही. चादर 90 इंच, बोर्ड 108. एक चादर टेलकडून (मागच्या टोकाकडून), दुसरी नोजकडून, मध्ये एकावर एक. शिवाय गाडीच्या टपावर पट्टा जिथे येतो तिथे चादरीची चौपदरी घडी, नाहीतर फोमवर कायमचा वळ उठतो. बोर्ड डेक खाली, फिन पुढच्या बाजूला आणि वर. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्याने भुणभुणत नाही. कोल्हापूर-आंबोलीमार्गे गोव्याला जायचं तर पहाटे तीनला निघा. दुपारी जेवायला थांबाल तिथे गाडी सावलीत. रेल्वेने न्यायचा तर 1 मीटरपेक्षा लांब सामान डब्यात चालत नाही, ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावं लागतं, आणि तिथली आदळआपट बघता टपच बरा.

जलतरण तलावात चाचणी घ्यायची आहे, परवानगी काढून आणि फिन उतरवून. गोड्या पाण्यात बोर्ड थोडा खाली बसतो, 100 लिटरला अडीच किलोचा फरक. म्हणजे तलावात निभावलं तर समुद्रात सोपंच. पालथं झोपून नोज पाण्याच्या दोन इंच वर येईपर्यंत पुढेमागे सरकायचं, आणि हनुवटी येते तिथे डेकवर रंगीत टेपची बोटभर पट्टी लावायची. नंतर प्रत्येक वेळी हनुवटी त्याच पट्टीवर. दोन इंच पुढे सरकलात तर नोज घुसून कोलांटी, मागे राहिलात तर नोज वर आणि लाट निसटते.

पाय घसरू नये म्हणून डेकवर लावायचं मेण उष्ण पाण्याचंच घ्या, आपल्या किनाऱ्यावर थंड पाण्याचं मेण लोण्यासारखं वितळतं. पहिली फेरी ऑक्टोबरअखेर, कमरेएवढ्या फेसाळ लाटांत. पावसाळ्यात नाही.

बाकी काम: बोर्ड आल्याबरोबर बॅगा तोलायच्या हुक-काट्यावर कोरडं वजन करून टेलवर मार्करने लिहिणं. समुद्रावरून आल्यावर आठवडाभर सावलीत वाळवून पुन्हा तोलायचं. पाव किलो जास्त भरला तर कुठेतरी भोक आहे आणि आत पाणी आहे.