लिंकच का पाठवते

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर वेळी विचारता म्हणून, एकदा सविस्तर लिहिते. चांगला लेख सापडला की मी आपल्या ग्रुपवर लेखकाचं नाव, तो कुठे छापून आला ते आणि लिंक पाठवते. "सगळा लेखच टाका ना इथे," असं तुमचं म्हणणं.

साने गुरुजींचं हवं तेवढं टाकते. ते 1950 साली गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यांचं लेखन आता सगळ्यांचं आहे. जिवंत माणसाचं मात्र टाकत नाही.

बाबांवर मी एका दिवाळी अंकात लिहिलं होतं. एसटीत कंडक्टर होते. बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं तोडलं ते कायमचं. शेवटच्या आजारपणात काका भेटायला आले, तेव्हा बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते वाक्य लिहिण्यावरून आमच्या घरात भांडण झालं, तरी मी ते ठेवलं. त्याशिवाय ते बाबा नव्हतेच.

पुढे तो लेख मावशीकडून माझ्याच फोनवर आला. वर 'नक्की वाचा, डोळ्यांत पाणी येईल'. माझं नाव नाही, गाव नाही, एसटी नाही. शेवटी दोघे भाऊ गळ्यात पडून रडतात, खाली 'नाती जपा' आणि जोडलेले हात. मावशीनं लिहिलं होतं, "कुणीतरी किती छान लिहिलंय गं, तुझ्या बाबांचीच आठवण झाली." मी लगेच फोन केला, म्हटलं, हा माझा लेख आहे, हे बाबाच आहेत. ती म्हणाली, "अगं, पण यात तर ते बोलतात भावाशी." मग थोडं थांबून, "तसं झालं असतं तर बरं झालं असतं, नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 लेखकाला नावाचा हक्क देतं, मजकुराच्या मोडतोडीविरुद्धही देतं. पण दाद कुणाविरुद्ध मागू? व्हॉट्सॲप 2018 पासून 'फॉरवर्डेड' असं दाखवतं, फार फिरलेला मजकूर 2020 पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. लिहिला कुणी, हे त्यात कुठेच नसतं.

पूर्वी मीच वाद घालायचे की लेखन पोचलं पाहिजे, नावाचं काय एवढं? जात्यावरच्या ओव्या बायकांच्या तोंडी बदलतच आल्या ना? तो मुद्दा मला अजून खोडता आलेला नाही. एवढंच दिसतं की हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी त्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचं नाव आणि गावही नोंदवलं. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ते आज वाचता येतं. ओव्या त्यामुळे कुठे अडल्या नाहीत.

मावशी लिंक उघडत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्यातही तसे बरेच असतील. उघडत नसेल तर मला कळवा, लेखकाला विचारून मजकूर मिळवून देईन. उत्तर यायला कधी आठवडा जातो, तेवढं थांबा.