बेस्टचे दोन संप

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्टच्या कामगारांनी केलेला नऊ दिवसांचा संप अनेकांच्या लक्षात राहिला तो झालेल्या गैरसोयीमुळे. पण बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा ही त्यातली मागणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण शहराची बससेवा तिकिटाच्या गल्ल्यावर जगवायची की शहराच्या तिजोरीतून, हा प्रश्न तिने थेट विचारला होता. अत्यावश्यक सेवांतील संप रोखणाऱ्या मेस्मा कायद्याखाली कारवाई झाली, भोईवाड्यातील कर्मचारी वसाहतीत घरे रिकामी करण्याच्या नोटिसा गेल्या, शिवसेनाप्रणीत कामगार सेनेने दुसऱ्याच दिवशी पाठिंबा काढून घेतला. तरीही गाड्या आगारांतच उभ्या राहिल्या. पक्षापेक्षा सहकाऱ्यांचा शब्द थोर मानणाऱ्या त्या चालक-वाहकांबद्दल मला आजही आदर वाटतो.

त्यानंतर महापालिकेने दरमहा १०० कोटी रुपये देऊ केले, पण भाडेतत्त्वावर बस घेण्याची अट घालून. बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राहतील असे युनियनशी झालेल्या करारात नमूद होते. तो आकडा टिकला नाही. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या, त्यांच्या जागी कंत्राटदारांच्या आल्या आणि किलोमीटरमागे पैसे घेणाऱ्या त्या कंत्राटदाराचा चालक कायम चालकाहून कितीतरी कमी पगारावर त्याच मार्गांवर गाडी चालवू लागला. खासगीकरणाने कामगारांची एकजूट फोडली ती इथे, एकाच आगारात दोन मालक उभे करून.

म्हणूनच ऑगस्ट २०२३ मधला संप मला अधिक अस्वस्थ करतो. घाटकोपर आणि मुलुंड आगारांत सुरू झालेल्या त्या संपात कंत्राटी चालक समान कामाला समान वेतन मागत होते आणि त्यांची कुटुंबे आझाद मैदानात बसली होती. अशा वेळी सेवा सुरू ठेवण्यासाठी बेस्टचे कायम चालक आणि एसटीच्या गाड्या वापरल्या गेल्या. त्याच एसटीचे कर्मचारी एप्रिल २०२२ पर्यंत राज्य शासनात विलीनीकरणासाठी महिनोन् महिने संपावर होते. हुकूम नाकारणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, त्यामुळे एकट्यादुकट्या चालकाला मी दोष देणार नाही; जबाबदारी संघटनांची आहे. कंत्राटी चालकाला सभासदत्व द्यावे, त्याच्या वेतनाची मागणी कायम कामगारांच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर यावी आणि संपकऱ्याच्या जागी गाडी चालवण्याचा हुकूम आला, तर तो संघटनेने सामूहिकपणे नाकारावा.