पप्पांचा रविवारचा स्ट्यू

रविवार, रात्री

आज पप्पांना वेगळी वाटी वाढली नाही. शुगर निघाल्यापासून गेलं दीड वर्ष दर रविवारी आम्ही बटाटा घातलेला स्ट्यू आणि पाव खायचो, त्यांच्यापुढे उकडलेला दुधी. ते कधी बोलले नाहीत. पण नजर टोपाकडे जायची आणि परत ताटात यायची. मला ते बघवत नव्हतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं: मांसात पिष्ट नसतंच. शुगर चढते ती बटाट्याने, दाटपणासाठी लावलेल्या मैद्याने आणि पावाने. मांसाच्या बाबतीत जपायचं ते चरबीला आणि मिठाला, कारण मधुमेहात हृदय आणि किडनी सांभाळायची असते.

काल संध्याकाळी अर्धा किलो बीफ आणलं. घरात आम्ही अजून बीफच म्हणतो, पण २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, मिळतं ते म्हशीचं. या कामाला मला तेच बरं वाटतं. मांस गडद, चरबी पांढरीशुभ्र. कुठे सुरी लावायची ते लगेच दिसतं. चमचाभर तेलात कांदा, आलं-लसूण, मग तुकडे. इथे घाई नाही करायची. तुकड्यांना पाणी सुटतं, ते आटतं आणि बुडाला तपकिरी खरवड धरते. तिच्यावर गरम पाणी ओतून ती उलथन्याने सोडवायची. रश्शाला चव येते ती तिथून, मीठ कमी घातलं तरी. मिरी, दालचिनी, दोन लवंगा, मम्मीने उन्हाळ्यात भरून ठेवलेला चमचाभर बॉटल मसाला. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दोन तास. रात्रभर फ्रिजमध्ये.

सकाळी चर्चमधल्या मिस्सेहून आले तर वर चरबीचा पापुद्रा धरला होता. तो चमच्याने उचलून टाकला. मग भाज्या: फरसबी, कोबी, एकच गाजर आणि वसईच्या भाजीवालीकडचे कोवळे नवलकोल, बटाट्याच्या फोडींएवढेच चिरलेले. मैद्याऐवजी शिजलेला दुधी घोटून घातला.

पाव आणलाच नाही, कोणासाठीच. ज्वारीची भाकरी केली, पप्पांना एक. आधी भाज्या आणि मांस, भाकरी शेवटी, म्हणजे शुगर एकदम उसळत नाही.

पप्पांनी एक फोड उचलली. "बटाटा चालतो का गं आता?"

"नवलकोल आहे, पप्पा."

ते चावत राहिले. मग म्हणाले, "माझी आई यात मुळा घालायची." आजीच्या स्ट्यूबद्दल मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं.

पहिल्या घासानंतर दोन तासांनी सुई टोचली. १५८. नाताळात बटाटा-पाव खाऊन २४० झाली होती. एका आकड्यावर काही ठरत नाही, खरं चित्र पुढच्या महिन्यात तीन महिन्यांच्या सरासरीत दिसेल. पण मला रडू आलं. पप्पा मात्र मशीनकडे न बघता विचारत होते, पुढच्या रविवारपर्यंत कोवळा मुळा मिळेल ना.